दुखरे पाऊल आणि सात्त्विक धृती

देहाचा जो अवयव निमूटपणे सेवा करीत राहतो, त्याची आठवण मनुष्याला क्वचितच होते. पहाटे अंथरुणातून उठून देवघरापर्यंत जाणे, बाजारहाट करणे, मुलाला शाळेच्या दारापर्यंत पोहोचविणे, देवळाच्या चार पायऱ्या चढणे, या साऱ्या क्रिया पावलांच्या आधाराने घडतात. परंतु दिवसाच्या अखेरीस पावलांचे उपकार स्मरणारा गृहस्थ सापडणे कठीण. ज्या दिवशी एक पाऊल उचलेनासे होते, त्या दिवशी मात्र सारे घर त्या एका पावलाभोवती फिरू लागते. व्याधी ही न बोलावता येणारी परीक्षक आहे. जे वाचून समजले असे वाटत होते, ते खरोखरच समजले होते काय, हे ती तपासून पाहते.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी जन्म, मृत्यू आणि जरा यांच्या जोडीला व्याधीचाही उल्लेख केला आहे आणि त्यांतील दुःख व दोष वारंवार पाहण्यास सांगितले आहे. पाहणे म्हणजे रडत बसणे नव्हे; तसेच डोळे मिटून घेणेही नव्हे. जे आहे ते जसे आहे तसे पाहणे, हेच ज्ञानाचे पहिले पाऊल. म्हणून पायाच्या एका विशिष्ट दुखण्याच्या निमित्ताने हा विचार येथे मांडला आहे.

टाचेच्या मागच्या बाजूस हाताला लागणारी जी जाड दोरी असते, तिला नित्याच्या बोलण्यात शीर म्हणतात; परंतु ती रक्त वाहणारी शीर नव्हे, कंडरा होय. पोटरीतील दोन बलवान स्नायू खाली येऊन या कंडरेत एकवटतात व ती टाचेच्या हाडाला जाऊन मिळते. तिची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असून शरीरातील सर्व कंडरांमध्ये तीच सर्वांत जाड आणि बळकट आहे. टाच उचलून पाऊल पुढे टाकणे तिच्याच बळावर घडते, आणि धावताना देहाच्या वजनाच्या कित्येक पट भार ती सोसते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १६ कंडरा सांगितल्या असून त्यांपैकी ४ पायांतील आहेत. भारतीय शल्यवैद्यांची दृष्टी इतक्या सूक्ष्म भागापर्यंत पोहोचली होती.

पाश्चात्त्य शरीरशास्त्रात या कंडरेला अकिलीस या ग्रीक वीराचे नाव आहे. फिलिप व्हेरहेयन या शरीरशास्त्रज्ञाच्या १६९३ मधील ग्रंथात ते नाव आढळते. मातेने त्या वीराला बालपणी पवित्र नदीत बुडविले. सर्व अंग अभेद्य झाले. परंतु जेथे तिने हाताने धरले होते ती टाच कोरडी राहिली, आणि तेथेच पुढे त्याला बाण लागला, अशी ती कथा. भारतीय वाचकाला ही कथा ऐकताना मौसलपर्वाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. प्रत्यक्ष भगवान श्रीकृष्णांच्या चरणालाच व्याधाचा बाण लागला, आणि त्या व्याधाचे नाव जरा. पृथ्वीशी देहाची गाठ जेथे पडते, तेथूनच देहाची मर्यादाही आत शिरते, हे दोन्ही देशांच्या प्राचीनांनी ओळखले होते. परंतु भारतीय कथेत एक गोष्ट अधिक आहे. आपल्या हातून काय घडले हे कळताच तो व्याध भयाने चरणांशी लोळला, तेव्हा भगवंतांनी त्याला दोष दिला नाही, धीर दिला. देहाला जखम करणाऱ्याविषयीही मनात जखम राहू द्यायची नाही, हा त्या प्रसंगाचा उपदेश आहे. दुखणाईताला त्याची गरज पहिल्याच दिवसापासून पडते.

दृष्टांतादाखल एका गृहस्थाची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. बडोद्यात स्थायिक झालेले हे मराठी गृहस्थ, वय चाळिशीच्या पुढचे, नोकरी बैठी, घरात वृद्ध माता, पत्नी व दोन मुले. नित्य गीतेचा एक अध्याय वाचावा, हा वडिलांपासून चालत आलेला नेम. मातेचे मोठे दुखणे बरे झाले, त्या वेळी त्यांनी दत्तप्रभूंना नवस केला होता की, गिरनारच्या सुमारे दहा हजार पायऱ्या अनवाणी चढून पादुकांचे दर्शन घेईन. नवस फेडण्याचा महिना जवळ आला असता, एका रविवारी अंगणात मुलांबरोबर बॅडमिंटन खेळताना ते एकदम पुढे झेपावले, आणि मागून कोणी टाचेवर लाथ मारल्यासारखे वाटले. वळून पाहिले, तर मागे कोणीच नव्हते.

या कंडरेचे तुटणे पुष्कळदा असेच घडते. टाचेच्या हाडापासून सुमारे २ ते ६ सेंटिमीटर वरच्या भागात रक्ताचा पुरवठा तोकडा असतो. वर्षानुवर्षे तेथील तंतू झिजत जातात. आणि आठवडाभर बसून राहिलेला मनुष्य सुटीच्या दिवशी एकाएकी धावतो, तेव्हा ते तुटतात. डॉक्टरांनी त्या गृहस्थांना पालथे निजवून पोटरी दाबली. निरोगी पायात अशा वेळी पाऊल आपोआप खाली वळते. त्यांचे पाऊल स्तब्ध राहिले. काही रुग्णांची कंडरा शस्त्रक्रियेवाचून, केवळ पाय योग्य स्थितीत बांधून ठेवल्यानेही जुळते. यांच्या बाबतीत डॉक्टरांनी शस्त्रक्रिया योग्य ठरविली. तुटलेली टोके शिवण्यात आली, आणि बोटे खाली वळविलेल्या स्थितीत पायाला प्लॅस्टर घातले गेले.

पहिल्याच रात्री त्यांच्या मनाने आरोपी शोधण्यास आरंभ केला. खेळण्याचा हट्ट धरणारी मुले, ओलसर फरशी, स्वतःचा आळस, आणि शेवटी साक्षात दत्तप्रभू. “चरणांनी नवस फेडायचा होता, आणि चरणच काढून घेतला! मग माझी सेवा देवाला नकोच होती काय?” असा प्रश्न त्यांनी पत्नीला केला. तिने पुष्कळ वेळ उत्तर दिले नाही. मग ती म्हणाली, “अहो, मघापासून खेळण्याचे नाव काढले की धाकटा रडतो आहे. देवाचा न्याय मागाहून करा. आधी त्याला जवळ घ्या.” गृहस्थांनी मुलाला जवळ घेतले. त्या रात्रीचे खरे गीतापठण तेच होते. अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. जो त्यांपैकी एकालाच धरून सारा दोष त्याच्या माथी मारतो, त्याची दृष्टी अपुरी असते. मुलाला दोष देणारा पिता व देवाला दोष देणारा भक्त, दोघेही चार कारणे विसरलेले असतात.

आता तुटलेली कंडरा जुळते कशी, हे पाहावे. प्रथम काही दिवस तेथे सूज येते. देह जखमेची झाडलोट करतो. नंतरच्या आठवड्यांत नवे तंतू विणले जातात. परंतु ते कच्चे व अस्ताव्यस्त असतात. त्यानंतर अनेक महिने, पुष्कळदा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ, ते तंतू पक्के होत जातात. या शेवटच्या अवस्थेतील विशेष असा की, कंडरेवर ज्या दिशेने मोजका भार पडतो, त्याच दिशेने तंतू ओळीने रचले जातात. भार मुळीच न दिला, तर विणकर दिशाहीन राहतो व पोटरी वाळते. भार अकाली आणि फार दिला, तर शिवण उसवते किंवा कंडरा लांबून ढिली पडते, आणि मग टाच उचलण्याचे बळ कमी होते. म्हणून साधारणपणे दोन आठवड्यांनी टाके काढल्यावर टाचेखाली पाचरी ठेवलेला बूट देतात, एकेक पाचर ठरल्या वेळी काढतात, कुबड्या हळूहळू सोडवितात, आणि मग व्यायाम शिकवितात. प्रथम बसून, नंतर दोन्ही पायांवर उभे राहून, आणि पुष्कळ काळानंतर एका पायावर टाच उचलणे, असा हा क्रम आहे.

सहाव्या अध्यायात युक्त आहार, युक्त विहार, युक्त चेष्टा, आणि युक्त निद्रा व जागृती यांनी योग दुःखनाशक होतो असे सांगितले आहे. युक्त या शब्दाचा याहून प्रत्यक्ष अर्थ क्वचितच पाहावयास मिळेल. कमीही नव्हे, अधिकही नव्हे. आज या देहाला जेवढे योग्य तेवढेच. चंचल मन अभ्यासाने आणि वैराग्याने वश होते, असेही तेथेच सांगितले आहे. कंडरेचीही तीच रीत आहे. रोजचा मोजका अभ्यास, आणि आजच फळ मिळावे या आग्रहाविषयी वैराग्य. मनाचे आणि मांसतंतूंचे हे साम्य साधकाने ध्यानात ठेवावे.

परंतु या गृहस्थांची खरी कसोटी पुढेच होती. तीन महिने लोटले, बूट सुटला, सहा महिने लोटले, डॉक्टर म्हणाले, “कंडरा चांगली जुळली आहे.” तरीही वेदना राहिली. सकाळी अंथरुणातून खाली टाकलेले पहिले पाऊल जणू काचेवर पडे. संध्याकाळी टाच सुजे. रात्री व्रणाभोवती जळजळ होई. भेटावयास येणारा जो तो विचारी, “अजून बरे नाही?” आणि त्या प्रश्नात त्यांना दोषारोप ऐकू येऊ लागला. जी वेदना दुसऱ्याला दिसत नाही, ती सोसणे अधिक कठीण असते. कारण तेथे दुखण्याबरोबर ते खरे असल्याचे सिद्ध करण्याचाही भार येतो.

अशा वेळी मनुष्यापुढे तीन वाटा उघडतात, आणि अठराव्या अध्यायात भगवंतांनी धृतीचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांच्याशी त्या तंतोतंत जुळतात. धृती म्हणजे धरून ठेवण्याची शक्ती. प्रश्न एवढाच की, मनुष्य काय धरून ठेवतो?

तामसी धृतीचा मनुष्य झोप, भय, शोक, विषाद आणि मद यांना धरून ठेवतो. आठव्या महिन्यापर्यंत त्या गृहस्थांची ही अवस्था होती. पाय दुखेल या भयाने ते जिना उतरत ना. न उतरल्याने पोटरी अधिक वाळे, आणि वाळलेल्या पोटरीमुळे थोडे चालणेही अधिक दुखे. अशा रीतीने भय स्वतःचेच भाकीत खरे करी. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी काही दिवसांपुरती दिली होती. ती दिवसांमागून दिवस चालू राहिली. अशा गोळ्या दीर्घकाळ मनास येईल तशा घेतल्याने जठर व मूत्रपिंड यांना अपाय होतो, आणि काही तीव्र औषधांची सवयही जडते. औषध योग्य मात्रेत घेणे हा पथ्याचा भाग आहे. वेदनेपासून पळण्यासाठी ते घेत राहणे हा मदाचा प्रकार आहे. दोहोंतील भेद बाटलीवर लिहिलेला नसतो. तो मनुष्याला स्वतःच्या मनातच शोधावा लागतो.

राजसी धृतीचा मनुष्य फळाच्या आसक्तीने धरून ठेवतो. विषादाचा कंटाळा आला की मन बहुधा या दुसऱ्या टोकाला उडी घेते. एके दिवशी त्या गृहस्थांनी मनाशी ठरविले की, येत्या दत्तजयंतीला काहीही होवो, गिरनार अनवाणी चढायचाच. पाय तुटला तर तुटो, वचन तुटू नये. कोणाला न सांगता ते पहाटे अनवाणी जिने चढू-उतरू लागले. चार दिवसांत टाच अशी सुजली की चप्पल पायात जाईना. यात बाहेरून भक्तीचे तेज दिसते. म्हणूनच हा मोह अधिक अवघड. सतराव्या अध्यायात दंभ व अहंकार यांनी देहाला, आणि देहात वसणाऱ्या अंतर्यामीलाही, कष्ट देणाऱ्या तपाची निंदा केली आहे, आणि मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटले आहे. तपाचे मोजमाप पीडेच्या प्रमाणावरून होत नाही. शुद्ध हेतू, शास्त्राची मर्यादा आणि शांत मन यांवरून ते होते.

ही गोष्ट मातेच्या ध्यानात आली. तिने मुलाला जवळ बसवून विचारले, “बाळ, नवस कशासाठी बोलला होतास?”

“तुझ्यासाठी, आई. तू बरी व्हावीस म्हणून.”

“मग माझ्यासाठी बोललेला नवस माझ्याच जिवाला घोर लावून फेडणार काय? रात्रभर मी तुझ्या पावलांचा आवाज ऐकते रे. तू दत्तमहाराजांना वचन दिलेस की त्या पायऱ्यांना?”

गृहस्थ निरुत्तर झाले. शास्त्रार्थाने जे उमगले नाही, ते मातेच्या एका वाक्याने उमगले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांकडे जाऊन चार दिवसांचा सारा प्रकार सांगितला. आपली चूक वैद्यापुढे न लपविणे हीदेखील सत्याचीच उपासना आहे.

येथे तिसरी वाट सुरू होते. सात्त्विक धृतीने मनुष्य मन, प्राण आणि इंद्रिये यांच्या क्रियांना योगाने धरून ठेवतो. तिचे स्वरूप समजण्यासाठी वेदनेविषयी आजचे वैद्यकशास्त्र काय म्हणते, ते पाहणे उपयुक्त आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली व २०२० मध्ये ती सुधारली. तिचे तात्पर्य असे की, वेदना हा केवळ इंद्रियांचा नव्हे, तर भावनेचाही अनुभव आहे, आणि वेदनेची तीव्रता व इजेचे प्रमाण ही दोन्ही नेहमी समान नसतात. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेत पुष्कळदा असे होते की, जखम भरून आली तरी तिची वार्ता नेणाऱ्या मज्जा व मेंदू अतिजागरूक राहतात. चोर एकदा येऊन गेला म्हणजे घरचा राखणदार पान हलले तरी ओरडतो, तसे हे आहे. राखणदार खोटा नाही. त्याचे ओरडणेही खरे आहे. परंतु प्रत्येक ओरडण्याचा अर्थ चोर आला असा नव्हे. निद्रानाश, चिंता, क्रोध आणि एकटेपणा यांनी हा राखणदार अधिक बिथरतो. नियमित झोप, मोजके चालणे, मनाचे स्वास्थ्य आणि आपल्या माणसांची सोबत यांनी तो हळूहळू शांत होतो.

सहाव्या अध्यायात योगाची जी एक व्याख्या भगवंतांनी केली आहे, तिचे मर्म येथे उलगडते. दुःखाशी जो संयोग झाला आहे, त्याचा वियोग म्हणजे योग. तेथे दुःख कधी येणारच नाही असे आश्वासन नाही. त्याच्याशी जडलेले तादात्म्य सुटेल, असे आहे. टाचेत वेदना आहे, हे एक सत्य. “माझे आयुष्य संपले, मी निरुपयोगी झालो, देवाने मला टाकले,” हे त्या वेदनेवर मनाने चढविलेले पुट. पहिले सोसावे व उपचाराने कमी करावे. दुसरे ओळखावे आणि सोडावे. आणि हा योग न कंटाळलेल्या, न खचलेल्या चित्ताने, निश्चयाने आचरावा, असेही भगवंत लगेच सांगतात. दीर्घ दुखण्यातील मनुष्यासाठीच हा शब्द घातला असावा, इतका तो येथे लागू पडतो. कारण दीर्घ दुखण्यात वेदनेहून थकवाच अधिक घात करतो.

काही श्रद्धाळूंचा असा समज असतो की, खऱ्या भक्ताने दुखते असे म्हणू नये. दुसऱ्या अध्यायातील तितिक्षेच्या उपदेशाचा असा अर्थ करणे योग्य नाही. शरशय्येवरील भीष्मांचे उदाहरण पाहावे. श्रीकृष्णांनी त्यांना युधिष्ठिराला धर्म सांगण्यास विनविले, तेव्हा त्या महापुरुषाने स्पष्ट सांगितले की, बाणांच्या व्यथेने अंग जळत आहे, बुद्धी स्थिर नाही, वाणी चालत नाही. इच्छामरणी, ब्रह्मचारी, कुरुकुलाचा आधार असलेल्या भीष्मांना “मला दुखते” असे म्हणण्याची लाज वाटली नाही. आणि भगवंतांनीही त्यांचा धिक्कार केला नाही. त्यांची व्यथा दूर केली, आणि मगच शांतिपर्वातील तो विशाल उपदेश प्रवाहित झाला. तितिक्षा म्हणजे वेदना लपविणे नव्हे. वेदनेने स्वतःचा व दुसऱ्याचा धर्म बुडू न देणे होय. दुर्योधनाने आणलेल्या शल्यवैद्यांना भीष्मांनी सत्कार करून परत पाठविले होते, हे खरे. परंतु ते रणात पडलेल्या क्षत्रियाचे अंतिम व्रत होते. ज्या गृहस्थाला अजून मुले वाढवायची आहेत, माता-पित्यांची सेवा करायची आहे, त्याने वैद्याला परत पाठविणे हे व्रत नसून कर्तव्याचा त्याग आहे.

हे तत्त्व दिनचर्येत कसे उतरते, तेही पाहावे. व्यायाम करताना सहन होण्याजोगी वेदना झाली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ती निवली, तर घाबरू नये. दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले दिसले, तर भार कमी करून ते डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना सांगावे. मधुमेह असल्यास साखर आवरावी व तंबाखू-विडी सोडावी. कारण दोहोंमुळे जखम भरण्यास विलंब होतो. उकिडवे बसल्याने टाचेच्या कंडरेवर मोठा ताण येतो. म्हणून अनुज्ञा मिळेपर्यंत शौचासाठी उंच आसन वापरावे आणि पूजेसाठी खुर्चीवर बसावे. घरात अनवाणी चालण्याची रीत पवित्र आहे. परंतु डॉक्टरांनी उंच टाचेचे पादत्राण सांगितले असेल, तर स्वच्छ धुतलेली एक जोडी केवळ घरात वापरण्यासाठी वेगळी ठेवावी. जेथे पादत्राण नेता येत नाही, अशा देवळाच्या दारातून केलेला नमस्कार देवाला पोहोचतो. पान, फूल, फळ, पाणी भक्तीने दिले तर स्वीकारतो असे सांगणाऱ्या प्रभूने मांडी घालूनच दिले पाहिजे, अशी अट घातलेली नाही.

मात्र काही लक्षणे सोसण्याची नसतात. पोटरी एकाएकी सुजून गरम होऊन दुखू लागली, एकाएकी श्वास लागला किंवा छातीत कळ आली, तर रक्ताची गुठळी झाल्याचा संभव असतो. जखमेतून पू आला, ताप चढला, किंवा टाचेत पुन्हा कट्‌कन आवाज होऊन बळ गेले, तर तेही गंभीर असते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. तेथे धैर्याचे प्रदर्शन करणे म्हणजे अविवेक होय.

घरातील इतरांचाही येथे धर्म आहे. त्या गृहस्थांची पत्नी आठ महिने स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे आणि पतीची शुश्रूषा सांभाळीत होती. एके दिवशी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभीच झोपलेली त्यांना दिसली. तोपर्यंत त्यांच्या विश्वात एकच दुखणारे पाऊल होते. त्या दिवशी त्यांना आणखी दोन पावले दिसली. दुसऱ्या दिवसापासून बसून होणारी सर्व कामे त्यांनी आपल्याकडे घेतली. भाजी निवडणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करणे, मुलांचे पाढे घेणे, आईची औषधे वेळेवर देणे. गमतीची गोष्ट अशी की, हात या कामांत गुंतलेले असताना टाचेची आठवण कमी होई. तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्राचा अनुभव असा भाजीच्या ताटापुढेही येतो. सेवा घेणाऱ्याने कृतज्ञतेने घ्यावी, आणि जेवढी उरली असेल तेवढ्या शक्तीने सेवा करावी. म्हणजे दुखणे घरावर ओझे होऊन बसत नाही.

असे एक वर्ष गेले. मग डॉक्टरांच्या अनुज्ञेने ते गृहस्थ मातेसह जुनागडला गेले. गिरनारवर २०२० च्या ऑक्टोबरपासून रज्जुमार्ग सुरू झाला असून तो अंबामातेच्या मंदिरापर्यंत, म्हणजे सुमारे निम्म्या पायऱ्यांइतके वर पोहोचवितो. पूर्वी ते हा मार्ग दुर्बलांचा म्हणून हिणवीत असत. त्या दिवशी त्याच पाळण्यात वृद्ध मातेचा हात धरून ते बसले. वर पोहोचल्यावर उंच टाचेच्या बुटांनी, काठीच्या आधाराने, परवानगीपुरते थोडे चालले. दत्तप्रभूंच्या पादुका पुढच्या शिखरावर होत्या. तेथपर्यंत ते गेले नाहीत. त्या दिशेला तोंड करून दोघांनी हात जोडले. टाच तेव्हाही दुखत होती. परंतु “मीच का?” हा प्रश्न त्या दिवशी त्यांच्या ओठांवर आला नाही, मातेने मात्र हळूच विचारले, “दुखतंय का रे?” आणि त्यांनी खरे उत्तर दिले, “हो आई, दुखतंय. पण चालवतंय.”

या उत्तरात सात्त्विक धृतीचे सार आहे. दुखत नाही असा खोटा आव नाही, आणि दुखते म्हणून सर्व संपले असा विलापही नाही. ज्यांची कंडरा पूर्ववत होईल, त्यांनी देहाला देवाची ठेव समजून पुढे जपावे. ज्यांची काही वेदना कायम राहील, त्यांनी तिला आपल्या योग्यतेचा निवाडा समजू नये. फळ पाच कारणांच्या हाती आहे. योग्य प्रयत्न व शांत चित्त एवढेच मनुष्याच्या हाती आहे. सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते असे भगवंत सांगतात. दुखऱ्या पायाच्या नित्य अभ्यासाइतके याचे सोपे उदाहरण दुसरे कोणते?

भगवंतांचे भक्त चार प्रकारचे सांगितले आहेत, आणि त्यांत पहिला आर्त आहे. दुःखात सापडलेल्या मनुष्यासाठी प्रभूच्या दारात प्रथम जागा राखलेली आहे. तेव्हा ज्या ज्या घरात आज कोणी कुबडीच्या आधाराने पहिले पाऊल टाकीत असेल, तेथे त्याने ते प्रभूचे नाव घेऊन टाकावे. दुसरे पाऊल वैद्याच्या सांगण्याप्रमाणे टाकावे. आणि तिसऱ्याची घाई करू नये. अशा रीतीने टाकलेले लहानसे पाऊलही व्यर्थ जात नाही.